निरंजनेच्या तापल्या वाळूतून

बोधगयेला थंडीत जावे, असे जाणकार सांगतात. हिवाळ्यात तिथे देशोदेशीच्या उपासकांची गर्दी असते, हवाही चांगली असते. पण कामगार माणसाला हिवाळ्यात रजा कुठून मिळणार? मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, चौदा एप्रिलची जयंती पार पडते आणि मगच आपला आठवडाभर हात मोकळा होतो. २०२४ साली आमच्या कल्याणच्या वस्तीतील महिला मंडळाने बोधगयेला जाण्याचे ठरविले, तेही असेच. दोन वर्षे दरमहा शंभर-शंभर रुपये बाजूला टाकून बायकांनी ही रक्कम जमविली होती. चौदा बायका, पाच पुरुष आणि चार मुले, अशी एकंदर तेवीस माणसे. तिकिटे काढणे, राहण्याची सोय पाहणे आणि हिशेब ठेवणे ही कामे माझ्याकडे आली. कारकुनाकडे अशी कामे आपोआप येतात. तारीखही मीच काढली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडले त्यात माझी चूक होती.

२४ एप्रिलच्या रात्री आम्ही हावडा मेल पकडली. स्लीपरचा डबा. सकाळ झाली तेव्हा गाडी मध्य प्रदेशात होती. दोन्ही बाजूंना गव्हाची कापणी होऊन गेलेली रिकामी शेते. आमच्यातल्या एका काकांनी २०२२ ची आठवण काढली. त्या वर्षीचा मार्च १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला होता. दाणा भरायच्या वेळीच ऊन लागल्याने उत्तरेकडे गव्हाचा दाणा बारीक पडला आणि १३ मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली. काका म्हणाले, "आपल्याला ते पेपरात कळलं नाही, पिठाच्या गिरणीत कळलं." उन्हाची झळ अशीही लागते. सावलीत बसलेल्यालासुद्धा ती महिन्या-दोन महिन्यांनी लागते.

दुपारी खिडकीच्या लोखंडी गजांना हात लावता येईना. बाटल्यांतले पाणी चहासारखे झाले होते. आमच्या सोबत एक मावशी होत्या. साठी ओलांडलेल्या, सारे आयुष्य बिगारी कामात गेलेले. मी दर तासाला सर्वांना पाणी प्यायला सांगत होतो, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "भाऊ, मी काय ऊन बघितलं नाही का? डोक्यावर पाटी घेऊन चाळीस वर्षं उन्हातच काढली." मावशी पाणी कमी पीत होत्या, त्याचे कारण नंतर कळले. डब्यातल्या संडासापुढे सारखी गर्दी होती आणि त्यांना उठून जायचा संकोच वाटत होता. बांधकामावरही त्यांनी असेच केले होते. जिथे बायकांसाठी आडोसा नाही, तिथे बाई पाणीच पीत नाही. ही गोष्ट मला तोवर कोणी सांगितली नव्हती आणि मीही कधी विचारली नव्हती.

मध्यरात्र उलटल्यावर गया स्टेशनात उतरलो. त्या वेळीही फलाटाची फरशी कोमट होती. पहाटे रिक्षा करून बोधगयेला निघालो. गयेत मतदान होऊन आठवडा झाला होता, भिंतींवर उमेदवारांचे फोटो अजून होते. सूर्य वर येताच महाबोधी महाविहाराचे शिखर दिसले आणि बायकांनी रिक्षातच हात जोडले. काहींच्या डोळ्यांत पाणी आले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली, त्यांची ही पहिलीच यात्रा होती.

महाविहाराचा कारभार बौद्धांच्या हाती यावा हा लढा फार जुना आहे. १९४९ च्या कायद्यासंबंधी स्वतंत्रपणेच लिहायला हवे. आज मला त्या बोधिवृक्षाच्या सावलीबद्दल लिहायचे आहे. सकाळी नऊ वाजता उघड्या आवारातली फरशी पायाला चटके देऊ लागली होती. मुले टाचांवर उड्या मारत चालली होती. पण पिंपळाखाली आलो आणि सगळे एकदम थांबले. तिथे वेगळीच हवा होती. लाओसमधून आलेले की व्हिएतनाममधून, कोणास ठाऊक, पण दहा-बारा भिक्षू तिथे डोळे मिटून बसले होते. आमची माणसेही न सांगता बसली. सिद्धार्थ गौतमाने तपासाठी ही जागा निवडली ती झाडी आणि जवळून वाहणारी नदी पाहून, असे ग्रंथांत वर्णन आहे. आम्ही त्याला बुद्ध म्हणतो, पण सहा वर्षे उन्हातान्हात हिंडलेल्या माणसाला सावलीची आणि पाण्याची किंमतही नक्की कळत होती, असे मला तिथे बसून वाटले.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही निरनिराळ्या देशांचे विहार पाहायला निघालो. बोधगयेची ही गंमत आहे की आशिया खंडातले बौद्ध एका गावात भेटतात. थायलंडचा विहार, ब्रह्मदेशाचा, भूतानचा, जपानचा, व्हिएतनामचा, बांगलादेशचा. जपानी विहाराजवळची ऐंशी फूट उंच बुद्धमूर्ती पाहून मुलांनी माना वर केल्या त्या खाली घेईनात. बांगलादेशच्या विहारात चितगावकडचे एक भंतेजी भेटले. तोडक्यामोडक्या हिंदीत त्यांनी विचारले, "तुमच्याकडे शाळा चालू आहेत का?" मी म्हणालो, परीक्षा संपत आल्या आहेत. ते म्हणाले, "आमच्याकडे उन्हामुळे साऱ्या देशातल्या शाळा बंद ठेवल्यात."

मला आधी ते खरे वाटले नाही. परत आल्यावर वाचले, तेव्हा कळले की त्या एप्रिलमध्ये बांगलादेशात सुमारे ३ कोटी ३० लाख मुले घरी बसली होती. २८ एप्रिलला शाळा उघडल्या आणि पुन्हा बंद कराव्या लागल्या. ३० एप्रिलला जेसोरला ४३.८ अंश तापमान झाले. त्याच आठवड्यात ब्रह्मदेशातल्या चौक या गावी ४८.२ अंशांची नोंद झाली. फिलिपाइन्समध्ये २९ आणि ३० एप्रिलला सर्व सरकारी शाळांतले वर्ग बंद राहिले. थायलंडमध्ये त्या वर्षी मेच्या दहा तारखेपर्यंत उष्माघाताने ६१ माणसे दगावली, आदल्या संबंध वर्षात ३७ दगावली होती. व्हिएतनामच्या दक्षिण भागात एका जलाशयातले लाखो मासे मरून वर आले. आमच्या देशात बंगालमधल्या कलाईकुंडा येथे ३० एप्रिलला ४७.२ अंश तापमान होते. त्या संध्याकाळी ज्या ज्या देशाच्या विहारापुढून आम्ही चाललो, त्यांतल्या बहुतेक देशांत लोक त्याच वेळी होरपळत होते. आम्हाला वाटत होते की गयेलाच ऊन जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी, २७ एप्रिलला, माझी चूक झाली. निरंजना नदीच्या पलीकडे बकरौर गावात सुजातेचा स्तूप आहे. जिच्या हातची खीर खाऊन सिद्धार्थाने उपवास सोडला, त्या सुजातेची आठवण म्हणून बायकांना तिथे जायचेच होते. पहाटे जायचे ठरले होते. पण नाश्त्याला उशीर झाला, मग एका मुलाची चप्पल हरवली आणि निघायला साडेदहा वाजले. पूल होता, रिक्षाही मिळत होत्या. पण नदी कोरडी होती आणि वाळूतून सरळ गेले तर अंतर कमी पडत होते. तेवीस माणसांचे रिक्षाभाडे वाचेल, असा हिशेब मी केला. पैसे मंडळाचे होते, एकेक रुपया मला जपायचा होता.

अर्ध्या वाळवंटात गेल्यावर मुलांचे पाय पोळू लागले. वाऱ्याबरोबर वाळू तोंडावर येत होती. मावशी मागे पडल्या. मी हाक मारली तर त्यांनी काही तरी भलतेच उत्तर दिले. "पाटी उतरव रे," असे म्हणाल्या. हातात तर काहीच नव्हते. दोघांनी धरून त्यांना पलीकडे नेले, तेव्हा त्यांचे अंग तव्यासारखे तापले होते आणि मान टाकलेली होती.

काठावर एक वस्ती होती. डोंगर फोडून रस्ता करणाऱ्या दशरथ मांझींचा हा जिल्हा. त्यांच्याच समाजाची ती आठ-दहा मातीची घरे होती. आमचा घोळका पाहून बायका बाहेर आल्या. त्यांनी काहीही न विचारता मावशींना कडुलिंबाखाली निजविले, नऊवारीची गाठ सैल केली, गमछे भिजवून मानेवर, काखेत, कपाळावर ठेवले आणि ताडाच्या पंख्याने दोघी दोन बाजूंनी वारा घालू लागल्या. आमच्यातल्या एकाने बाटली मावशींच्या तोंडाला लावली, तेव्हा एका म्हातारीने त्याचा हात बाजूला केला. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालायचे नसते, ते श्वासात जाते, हे त्या न शिकलेल्या बाईला माहीत होते. मावशी डोळे उघडून नीट बोलू लागल्या, तेव्हा मग मीठ घातलेले पातळ सातूचे पाणी घोट घोट दिले.

पाणी आणायला एक मुलगी पुन्हा पुन्हा जात होती. मी तिच्या मागे गेलो. वस्तीला दोन हापसे होते. एक होळीच्या आधीच कोरडा पडला होता. दुसऱ्याला पंधरा-वीस वेळा दांडा मारल्यावर धार येत होती. २०२२ च्या नोव्हेंबरपासून गया आणि बोधगया शहरांत गंगेचे पाणी नळाने आणले आहे, पण त्या वस्तीत नळ नव्हता. आमच्या मावशींच्या अंगावर ओतलेले पाणी त्यांच्या संध्याकाळच्या स्वयंपाकाचे होते.

रिक्षाने मावशींना दवाखान्यात नेले. सलाइन लावली. दुपारनंतर त्या उठून बसल्या आणि पहिले काय बोलल्या तर, "त्या बायांनी माझी जात विचारली नाही, अन् मी त्यांची विचारली नाही. पाणी पाजलं." खोलीत कोणी काही बोलले नाही. १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते आम्ही दर वर्षी भाषणात सांगतो. त्या दिवशी आमच्यातली एक बाई ते अंगावर घेऊन आली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारले की सारे आयुष्य उन्हात काम केलेल्या बाईला असे का व्हावे? त्यांनी सांगितले ते आपल्या सर्वांच्या उपयोगाचे आहे. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. ती सवय दर वर्षी नव्याने करावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये एकदम ऊन वाढले तर घामाची, रक्ताभिसरणाची तयारी झालेली नसते आणि माणूसही बेसावध असतो. वय वाढले, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्या तर धोका आणखी वाढतो. रात्रीही हवा थंड झाली नाही, तर दिवसाचा ताण उतरतच नाही. आणि दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून पारा कमी असला तरी माणूस पडतो.

ते ऐकताना मला खारघर आठवले. १६ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या मैदानात सरकारी पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे भर दुपारपर्यंत उघड्यावर बसली होती. जवळच्या केंद्रावर पारा ३८ अंशांच्या आसपासच होता. तरी १४ माणसे गेली. व्यासपीठावर मांडव होता, लोकांच्या डोक्यावर नव्हता. आपण त्यावर खूप बोललो. पण आपल्या स्वतःच्या जयंतीच्या मिरवणुकीत, लेझीम खेळणाऱ्या मुलींच्या आणि मागून चालणाऱ्या आजीबाईंच्या डोक्यावर काय असते? २० मार्च महाड, १४ एप्रिल जयंती, मग वैशाख पौर्णिमा. आपले मोठे दिवस नेमके या चढत्या उन्हात येतात. पूर्वी मार्च सोसण्यासारखा असे. आता तर २०२५ चा फेब्रुवारीसुद्धा १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला आहे.

२८ तारखेला आम्ही कुठेच गेलो नाही. धर्मशाळेच्या गच्चीवरून संध्याकाळी गयेच्या दिशेला पाहत बसलो. तिकडे ब्रह्मयोनी नावाची टेकडी आहे. तीच जुनी गयासीस, असे मानतात. अग्निपूजा सोडून भिक्षू झालेल्या हजार जटिलांना तथागतांनी तिथे आदित्तपरियाय सुत्त सांगितले. डोळे, कान, मन सारे जळत आहे आणि ते लोभाच्या, द्वेषाच्या, मोहाच्या आगीने जळत आहे, असा त्याचा आशय आहे. भंतेजींनी मुलांना ते सोप्या भाषेत समजावले. एका मुलाने विचारले, "मग आता जे ऊन पडलंय तेही लोभाचंच का?" मोठी माणसे हसली, पण पोर अगदीच चुकले नव्हते. कोळसा, पेट्रोल, गॅस जाळून जो कार्बन वायू हवेत साठला आहे, तो पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. त्या वर्षी प्रशांत महासागराचे पाणी तापविणारा एल निनोही होता. 'वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्युशन' या शास्त्रज्ञांच्या गटाने मे २०२४ मध्ये सांगितले की दक्षिण आशियात महिनाभर अशी उष्णता राहण्याची शक्यता माणसाने केलेल्या हवामानबदलामुळे सुमारे ४५ पटींनी वाढली आहे. जागतिक हवामान संघटनेच्या अहवालानुसार आशिया खंड जगाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने तापत आहे. धूर ज्यांनी जास्त केला त्यांच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे. बकरौरच्या त्या मुलीने कधी धूर केला तो चुलीचा.

मग आपण काय करावे? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये सांगितले की जगातले २४० कोटींहून अधिक कामगार अतिउष्णतेत काम करतात. त्यांत आपले बिगारी, सफाई कामगार, हमाल, रिक्षावाले, फेरीवाले, वीटभट्टीवाले सारे आले. हे काही नशिबाचे भोग नाहीत. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला. आधी सूचना देणे, पाणपोया, दवाखान्यांची तयारी, अशी साधी कामे त्यात आहेत. खुद्द गया जिल्ह्यात जून २०१९ मध्ये माणसे मरू लागली, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी जमावबंदीचे कलम लावून भर दुपारची बांधकामे बंद ठेवली. म्हणजे हुकूम काढता येतो. मात्र माणसे मेल्यावर काढला. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करण्यासाठी झटले आणि १९४६ च्या कायद्याने कारखान्यातला आठवडा ४८ तासांचा झाला. आता उन्हातल्या तासांचा प्रश्न आपल्या युनियनने, आपल्या मंडळाने पुढे आणला पाहिजे. दुपारी १२ ते ४ उघड्यावरचे जड काम बंद, मजुरी न कापता. कामाच्या जागी सावली, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी संडास. ही शेवटची मागणी मी मावशींकडून शिकलो.

घरच्या पातळीवर आम्ही काही नियम केले आहेत. जयंतीची मिरवणूक आता संध्याकाळी सहानंतर निघते. दर दोनशे पावलांवर पाण्याचा पिंप आणि एक जण मीठ-साखरेचे पाणी घेऊन असतो. पत्र्याच्या घरांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी महिला मंडळाकडे आहे, दुपारी कोणी तरी दार वाजवून येते. माणूस भलते बोलू लागला, अंग तापले, तोल गेला तर आधी सावली, मग ओले कापड आणि वारा, आणि लगेच १०८ ला फोन. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचे नाही. हे आम्ही विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवले आहे.

सम्राट अशोकाने आपल्या लेखांत अभिमानाने जी कामे नोंदविली, त्यांत रस्त्याच्या कडेला सावलीसाठी लावलेली वडाची झाडे, खोदलेल्या विहिरी आणि पाणपोया आहेत. माणसांसाठी आणि जनावरांसाठीही. धम्म म्हणजे काय हे त्याला दगडावर कोरायचे होते आणि त्याने त्यात सावली आणि पाणी कोरले.

निघायच्या दिवशी पहाटे पाच वाजता आम्ही पुलावरून, रिक्षाने, पुन्हा बकरौरला गेलो. सुजातेचा स्तूप पाहिला. मग त्या वस्तीत गेलो. मंडळाच्या शिलकीत दोन हजार तीनशे रुपये होते. ते मी त्या म्हातारीपुढे केले, तिने घेतले नाहीत. तेव्हा मावशींनी आपल्या पिशवीतून नवे लुगडे काढले, जयंतीला नेसायला घेतलेले, आणि तिच्या खांद्यावर टाकले. ते मात्र तिने घेतले. पैसे आम्ही हापशाच्या दुरुस्तीसाठी वस्तीतल्या एका तरुणाकडे दिले आणि पावती मागितली नाही. माझ्या हिशेबाच्या वहीत ती एकच रक्कम पावतीशिवाय आहे. मंडळाच्या सभेत मी ती वाचून दाखविली, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही.

जय भीम!